बशी अ, बशी ब

हो बाई, प्रत्येक बशीत मोजून पंचवीसच मूग — नाही नाही, निवडून नाही घेतले, तरंगणारे तेवढे काढले, बाकी हाताला येतील तसे. अ म्हणजे आमच्या बोअरचं पाणी, ब शेजारच्या काकूंच्या विहिरीचं. पाचव्या दिवशी अ मध्ये तेवीस उगवले, ब मध्ये चौदाच — आणि मुळं बघा ना ब ची, पेराएवढीही नाहीत, टोकं तपकिरी. वाकडी असतात ना, म्हणून दोऱ्यानं मोजायची, मग दोरा पट्टीवर धरायचा. सरांनी पाण्यातलं फ्लोराइडपण मोजलं. ब मध्ये खूप निघालं — दात, हाडं खराब होतात त्यानं. बाटल्यांवर अ आणि ब एवढंच लिहायचं, नावं नाहीत, म्हणजे मोजणाऱ्याचं मन कुणाकडे झुकत नाही — ही कल्पना माझी. कुठली बाटली कुणाची, ते मोजून होईपर्यंत फक्त माझ्या वहीत. वही? वही घरी राहिली. म्हणजे — दप्तरात आहे, पण त्या पानावर शाई सांडलीय.

हात? सवय आहे, बाई. आई म्हणते, तोंडावर झाकण ठेवून काय बोलतेस. हो — डाग आहेत दातांवर. भावाच्यापण. नाही, काकूंच्या विहिरीचं नाही पीत आम्ही, कशाला पिऊ, आमची बोअर आहे ना, लहानपणापासून तेच —

असं बघू नका ना.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याच बदलल्या फक्त. दोनच. बोअर बाबांनी घेतली, तीन दिवस मशीनपाशी उभे होते, पाणी लागलं तेव्हा लहान मुलासारखे ओरडले. अजून कुणी आलं की आधी पेला भरून देतात, चव बघा म्हणतात. चवीत कुठं कळतंय, बाई? वासही नसतो. मला वाटलं, शाळेतलं प्रदर्शन, दोन दिवस टेबलावर राहणार, तक्ता वाचतंय कोण? काकूंनी वाचला. काल आल्या होत्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग माझे गाल धरले — बरं झालं गं, तुझ्यामुळे कळलं. संध्याकाळी विहिरीवर पत्रा टाकला. आणि आज सकाळपासून आमचं पाणी नेतायत. बाबाच बादली पोचवून आले, काय खूश होते! काकूंचं बाळ सात महिन्यांचं आहे, बाई. दुधाची पावडर त्यातच कालवतात. उकळून देते म्हणाल्या — आणि उकळून फ्लोराइड जात नाही, हे मीच लिहिलंय तक्त्यावर, ते बघा, खाली, लाल अक्षरात.

काय लिहिताय? पहिला नंबर? नको. खोडा ना — खोडा, बाई. सरांना सांगा काय सांगायचं ते. बाबा? ते काय, दारात उभेत, नवा शर्ट घालून. त्यांना — त्यांना नंतर. आता बाळाची तिसरी बाटली भरायची वेळ झाली असेल काकूंची. बाजूला व्हा ना जरा, बाई. टेबलामागून निघता येत नाहीये मला.