चौथ्या परिच्छेदातले दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दैनिकाचे मालक, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे माजी न्यायाधीश महोदय, ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे ते आज निवृत्त होणारे आपले संपादक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, संपादकीय विभागातली ज्येष्ठ मंडळी, छपाईतले सहकारी आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, नमस्कार.

प्रत्येक विभागातून एकाने सात मिनिटं बोलावं असं ठरलं होतं. तांत्रिक विभागातून आमचे वरिष्ठ बोलणार होते. त्यांचा घसा आज अचानक बसला. दुपारी जेवताना तो उत्तम चालत होता. असो. त्यामुळे ही संधी मला मिळाली, त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

मी आपल्या दैनिकाचे जुने अंक सांभाळते. त्यांचं पान न् पान आता वेबसाइटवर आहे आणि कोणतंही नाव टाकलं की शोधता येतं. बातमीदार आमच्या तळमजल्यावरच्या खोलीला गोदाम म्हणतात आणि मला गोदामवाली. साहेबही तसंच म्हणतात. मला राग नाही. गोदामात काय कुठे ठेवलंय हे ठाऊक असणारं माणूस एकच असतं, एवढा फायदा आहे.

साहेबांच्या एकतीस वर्षांविषयी आधीच्या चार वक्त्यांनी भरभरून सांगितलं. मी एका बाईंविषयी बोलणार आहे. त्यांना एकोणीस दिवसांपूर्वी नोकरी लागली आहे, आणि ती टिकेल की जाईल हे माझ्यानंतरच्या भाषणावर अवलंबून आहे. माझ्यानंतर साहेब बोलणार आहेत.

वहिनी, आपण साहेबांकडे पाहिलंत. त्यांना अजून कल्पना नाही.

या बाई फार्मासिस्ट आहेत. त्यांची हकिकत सांगायला त्यांनी मला परवानगी दिली, पण नाव, दवाखाना, वर्ष सांगायचं नाही या अटीवर. त्या तरुण होत्या तेव्हा एका दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर बसत. तिथे एक लहान मूल दगावलं. दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर बातमी आली, की चुकीच्या औषधाने बळी गेला. बाईंचं नाव, आडनाव, वय, राहण्याची गल्ली, फोटो. पुढच्या आठवड्यात पाठपुरावा आला, वाचकांची पत्रं आली, शेवटी एक व्यंगचित्रही आलं. एकूण सात मजकूर. बातमी लिहिणारे तरुण बातमीदार म्हणजे आजचे सत्कारमूर्ती.

सव्वीस दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. औषध बरोबर होतं, मात्राही बरोबर होती. मुलाच्या हृदयात जन्मापासून दोष होता आणि तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आपण दिलगिरी छापली. सातव्या पानावर, हवामानाच्या खाली, चार ओळी.

आता आपल्या घरची एक पद्धत, जी बाहेरच्यांना माहीत नसेल. आपण दिलगिरी छापतो तेव्हा माणसाचं नाव पुन्हा घेत नाही. 'अमुक तारखेच्या अंकातील बातमीत उल्लेख झालेल्या व्यक्तीचा घटनेशी संबंध नाही' असं लिहितो. यामागे सभ्यपणा होता. बिचाऱ्याचं नाव पुन्हा कशाला उगाळा? कागदावर ते शोभूनही दिसत होतं. मग आपण सगळे अंक संगणकावर घेतले. आता नाव टाकून शोधलं की नाव असलेले सातही मजकूर पुढ्यात येतात. नाव नसलेली दिलगिरी येत नाही. ती कधीच येणार नाही. आरोप नावानिशी आणि माफी निनावी, अशी आपल्या संग्रहाची रचना आहे. कोणी ती वाईट हेतूने केली नाही. ती आपल्या सभ्यपणातून झाली.

बाई माझ्या खोलीत आल्या तो वार मंगळवार होता. हातात प्लास्टिकची फाइल.

"ताई, जुनी बातमी इथेच मिळते ना?"

"मिळते. किती प्रती हव्यात?"

"एकही नको. आहे तीच नकोय."

मी नाव विचारलं. त्यांनी ते तोंडाने सांगितलं नाही, चिठ्ठीवर लिहून दिलं. सात मजकूर आले. मी तारखेवरून शोधून दिलगिरीही काढली. त्यांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या.

"यात माझं नाव कुठंय?"

"तशी पद्धत आहे आमच्याकडे."

"वा! शिव्या देताना पूर्ण नाव, आणि माफी मागताना 'अहो, कोणीतरी'!"

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यांनी नऊ नोकऱ्या बदलल्यात. बदलल्या म्हणजे सुटल्या. पहिले काही दिवस सगळं नीट चालतं. मग कोणीतरी फोनवर नाव टाकून बघतं. कोणी भांडत नाही, कोणी कारण सांगत नाही. "आम्ही कळवतो," म्हणतात. त्यांच्या मुलीच्या वर्गात एका मैत्रिणीने मधल्या सुट्टीत विचारलं, "तुझी आई तीच का गं?" मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, तू माझ्या शाळेत येत जाऊ नकोस." आणि त्यांचे सासरे. त्यांनी बातमी वाचली होती, दिलगिरी वाचली नव्हती. घरात शिकलेली फार्मासिस्ट सून असताना शेवटपर्यंत त्यांच्या गोळ्या दीर काढून द्यायचे. दीर कापडाच्या दुकानात होते आणि चष्मा लावायचा कंटाळा करायचे.

ती फाइल घेऊन मी वर साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. हे नमूद केलं पाहिजे. साहेब कोणालाही उभं ठेवत नाहीत.

"साहेब, बातमी काढा असं मी म्हणत नाही. नावाने शोधल्यावर ती येऊ नये, एवढंच. तारखेवरून शोधणाऱ्याला ती दिसेल."

"म्हणजे पुस्तक कपाटात ठेवायचं आणि अनुक्रमणिका फाडायची."

हे वाक्य चांगलं आहे. मी तेव्हाही मनात दाद दिली होती.

"अगं गोदामवाली, तुझं काम सांभाळायचं, झाडू मारायचं नाही. आज एक नाव, उद्या एक पान, परवा अख्खं वर्ष. मग उरलं काय?"

इथे मला साहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती खरी आहे. एका कंत्राटदाराने बांधलेल्या शाळेची गॅलरी कोसळली होती. काही वर्षांनी त्याने वकिलाची नोटीस पाठवली, की ती बातमी वेबसाइटवरून हटवा, माझ्या प्रतिष्ठेला बाधा येते. सोबत जाहिरात बंद करण्याची धमकी. साहेबांनी नोटीसच छापली. पुढे त्याच माणसाला दवाखान्याची इमारत बांधायला मिळणार होती. कोणीतरी नाव टाकून शोधलं, गॅलरीची बातमी वर आली, काम थांबलं. त्या दिवशी मी साहेबांच्या बाजूची होते. आजही आहे. ज्याला विसरलं जावंसं वाटतं तो नेहमी गरीब बिचारा असतो असं मी मानत नाही.

पण मी साहेबांना विचारलं, की या दोघांत काही फरक आहे की नाही? साहेब म्हणाले, "फरक कोण ठरवणार? तू?"

नाही. मी नाही. संपादकाने. आणखी कोणी? रोज संध्याकाळी सहाच्या बैठकीत साहेब तेच ठरवत आले. कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती सातव्या, कोणती टोपलीत. संपादक झाल्यापासून ज्यांनी रोज टोपली भरली, त्यांनी एका नावापुरतं म्हणावं की निवड करणं म्हणजे मुस्कटदाबी, हे मला समजलेलं नाही. मी शास्त्र शाखेची आहे, कदाचित त्यामुळे.

चिठ्ठी आली आहे. "आवरते घ्या." अध्यक्ष महोदय, सातपैकी माझी पाच मिनिटं झाली आहेत. उरलेल्या दोनमध्ये बसवते.

साहेबांनी एक उपाय सुचवला होता. बाईंवर एक अख्खं पान करू, मोठा फोटो, 'निर्दोष' असा मथळा. त्यांच्या मते वाईट बोलण्यावर उतारा म्हणजे आणखी बोलणं. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्तापर्यंत माझ्यामागे सात होते, आता आठ? ताई, मला निर्दोष म्हणून ओळखायलाही नकोय कोणी. मला गोळ्या मोजून द्यायच्या आहेत आणि घरी जायचंय."

मी हे वर कळवलं. साहेब म्हणाले, "मग तिला न्याय नकोच आहे." आणि त्या रविवारी त्यांचा अग्रलेख आला, विस्मरणाचा हक्क मागणाऱ्यांवर. त्यात 'एका औषध विकणाऱ्या बाईने' असा उल्लेख होता, घटनेच्या तपशिलासकट. लोकांनी साहजिकच शोधलं, तपशिलावरून जुनी बातमी सापडली आणि बातमीत नाव होतंच. त्या एका आठवड्यात त्यांचं नाव आमच्या वेबसाइटवर आठशे चाळीस वेळा शोधलं गेलं. त्याआधीच्या वर्षभरात अकरा वेळा. त्या तेव्हा ज्या दुकानात होत्या तिथून त्यांना "आम्ही कळवतो" असं शुक्रवारी सांगण्यात आलं.

सोमवारी मी त्या सात पानांत एकेक ओळ घातली. ती वाचकाला दिसत नाही. शोधयंत्रांना ती सांगते, की हे पान तुमच्या यादीत घेऊ नका. आमच्या स्वतःच्या शोधातूनही ती पानं वगळली. बातमीतलं एक अक्षर बदललेलं नाही. ज्याला तारीख माहीत आहे त्याला सगळं वाचता येईल, आणि त्याच पानावर खाली ती दिलगिरीही दिसेल, कारण ती मी तिथे जोडली. हे मी कोणालाही न विचारता केलं. आमच्या वरिष्ठांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घशावर रागावू नये. अध्यक्ष महोदयांना जो निर्णय घ्यायचा असेल तो घ्यावा. मी माझं टेबल आवरून ठेवलं आहे.

शोधयंत्रं हळूहळू विसरतात. तीन महिने लागले. मग बाईंना नोकरी लागली. आज एकोणीस दिवस झाले. तिथल्या व्यवस्थापकाने त्यांचं नाव टाकून पाहिलं असणार, सगळेच पाहतात. त्याला काही मिळालं नाही.

आता मुद्दा. आपल्या समारंभांची भाषणं त्याच संध्याकाळी लेखी आणि चित्रफितीसह वेबसाइटवर जातात. म्हणून साहेबांनी आपल्या आजच्या भाषणाची प्रत काल माझ्याकडे पाठवली. मी ती वाचली, कारण वाचणं हे माझं काम आहे. भाषण सुंदर आहे. चौथ्या परिच्छेदात साहेबांनी आपल्यावर आलेल्या दबावांची यादी दिली आहे. कंत्राटदार आहे. एक मंत्री आहेत. आणि तिसरं, पूर्ण नाव-आडनावासकट, या बाई आहेत.

मंत्र्यांच्या पंक्तीला बसवलं म्हटल्यावर त्यांचा मानच झाला म्हणायचा.

साहेब, मी काल आपल्याला फोन केला होता. आपण म्हणालात, "अगं, उद्या समारंभ आहे, त्यानंतर बोलू." समारंभानंतर बोलून उपयोग नव्हता, म्हणून समारंभात बोलले.

हे भाषण नवीन पान असेल. माझी ती ओळ त्यावर नसेल. मी ती घालू शकते, अजून एक तास तरी मला तो अधिकार आहे, पण घालणार नाही. निवृत्त होणाऱ्या संपादकाने आपल्या आयुष्याविषयी काय सांगितलं हे लोकांना सापडलं पाहिजे, असं मला खरोखर वाटतं. शिवाय पुढच्या दोन रांगांतले निदान पंधरा जण फोनवर चित्रण करत आहेत. तिथे माझं काही चालत नाही. आपण जे बोलाल त्यातला एक सेकंदही मी कापणार नाही. आपलं स्वातंत्र्य पूर्ण शाबूत आहे.

त्या बाई हा कार्यक्रम पाहत नाहीयेत. त्या कामावर आहेत, त्यांची पाळी आठपर्यंत असते. त्यांना मी एवढंच कळवलंय, की आज साहेब बोलणार आहेत. त्या म्हणाल्या, "बरं." बस्स, तेवढंच.

चौथ्या परिच्छेदात एकशे बारा शब्द आहेत. त्यातले दोन शब्द गाळले तरी परिच्छेद नीट वाचता येतो, व्याकरण बिघडत नाही आणि साहेबांचा निर्भीडपणा जेवढा होता तेवढाच राहतो. मी तीनदा वाचून पाहिलं आहे.

अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, आपण मला शेवटपर्यंत बोलू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. वहिनी, आपल्या आनंदाच्या दिवशी हे ऐकावं लागलं, त्याबद्दल आपली एकटीची माफी मागते. बाकीच्यांच्या बाबतीत बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर लहान समजून सोडून द्यावं. सोडून देणं जमत नसेल, तर निदान माझं नाव पूर्ण लिहावं.

साहेब, या. माइक चालू आहे.