ओघळ

(सर्जापूर रोडजवळच्या एका गॅरेजातला स्टुडिओ. भर दुपार.)

संयोगिता : यल्लव्वा मावशी, हात नका लावू! ओलं आहे अजून.

यल्लव्वा : लेकाच्या तोंडाला हात लावायला बी इचारायचं व्हय गं अक्का?

संयोगिता : तसं नाही हो. चेहरा ऑइल कलरमधला आहे, लवकर सुकत नाही. वरचा लाल तेवढा स्प्रेचा. बघा ना, मंजुनाथ जमलाय का?

यल्लव्वा : नाक त्याचंच. हसनं बी त्याचंच. पन कपाळावरनं ह्ये लाल काय सुटलंय?

संयोगिता : ओघळ आहेत ते. भिंतीवर जवळून स्प्रे मारला की रंग गळतो ना, तसा मी कॅनव्हासवर मुद्दाम गळू देते. माझी स्टाइलच आहे ती. उद्या प्रदर्शनात लोक आधी तेच बघतील.

यल्लव्वा : म्हंजी असाच दिसत हुता त्यो?

संयोगिता : कोण म्हणालं तुम्हाला?

यल्लव्वा : बेळ्ळंदूरच्या त्या बिल्डिंगीची खालची भिंत तू रंगवत हुतीस, वरची त्यो. त्यो बसून रंगवायचा त्यो दोराचा झुला तुटला तवा पयली तूच धावलीस. मला कुनी चादर उचलू दिली न्हाई. 'बेडा अम्मा, नको बघू' म्हनले. बांधलेलाच मातीत ठेवला. आनेकलवरनं ह्येच इचारायला आलेय.

संयोगिता : बसा आधी. पाणी देते.

यल्लव्वा : पानी ऱ्हाऊ दे. सांग.

संयोगिता : मावशी, शपथ, माझ्या डोक्यातच आलं नाही. मी सगळ्यांच्याच चित्रात ओघळ सोडते. नटी असो नाहीतर भाजीवाली.

यल्लव्वा : समद्यांचं मला काय करायचंय? त्यो कसा दिसत हुता?

संयोगिता : ...झोपल्यासारखा. तोंडावर काहीच नव्हतं.

यल्लव्वा : रगत?

संयोगिता : नव्हतं.

यल्लव्वा : माझ्याकडं बघून बोल.

संयोगिता : नव्हतं, मावशी.

यल्लव्वा : मग जे नव्हतंच त्ये ठिवतीस कशाला? पूस.

संयोगिता : अहो, पुसलं तर खालचा चेहराही जाईल! महिनाभर खपलेय मी ह्याच्यावर. उद्या काय टांगू?

यल्लव्वा : लोक उद्याच्याला बघून घरी जातील. म्या डोळं मिटलं की जनमभर ह्येच बघायचं?

(संयोगिता पाठ फिरवून ब्रश गोळा करू लागते.)

यल्लव्वा : का खरं हाय त्ये?

संयोगिता : नाही. नाही म्हटलं ना! ती चिंधी द्या इकडे. आणि ती टर्पेंटाइनची बाटली.

यल्लव्वा : ही घे. हळू पूस गं. तोंड पुसाय गेलं की लई रडतंय त्ये.