चष्म्याच्या आकाराचं बटण

धाकटी : नाही हो ताई, फाइल तीच आहे. नावही तेच, ‘चष्मेवाले शेवटचं’. पण आत एकच लेयर दिसतोय. काल दुपारी मी बाहेर पडले तेव्हा बावीस होते.

थोरली : कॉम्प्युटर जुना झालाय. झालं असेल काहीतरी.

धाकटी : तो आपल्या मनाने लेयर एकमेकांत मिसळत नाही. प्रत्येक बटण मी सुटं ठेवलं होतं, सावली वेगळी, अक्षरं वेगळी. आता सगळं मिळून एक सपाट चित्र झालंय. एका बटणाचा रंग बदलायचा म्हटलं तरी जागचं हलत नाही.

थोरली : रंग बदलायचाय कशाला? तुझी बटणं फार सुरेख आहेत म्हणे.

धाकटी : असं कोण म्हणालं?

थोरली : चष्मेवाले. काल तू त्यांच्याच दुकानाचे फोटो काढायला निघालीस आणि पाठोपाठ इथे त्यांचा फोन. मी ‘बोला’ म्हटलं तर म्हणे, ‘तुम्ही नको, त्या नव्या मॅडमना द्या. त्यांच्या हाताला गोडी आहे.’ नऊ वर्षं या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइटची बटणं, पट्ट्या, बाण काढतेय मी. माझा हात काय कडू आहे?

धाकटी : अहो, बोलायची एक पद्धत असते त्यांची.

थोरली : घरात तरी काय वेगळं चाललंय? सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, धाकटी सून आली आणि धंद्याला कळा आली. मी दारातच उभी होते. कोपरे गोल करायला तुला शिकवलं कोणी?

धाकटी : तुम्हीच की. पहिल्या महिन्यात माझी बटणं साबणाच्या वड्यांसारखी व्हायची. तुम्ही मागे उभ्या राहून म्हणायचात, ‘आठ ठेव, बारा नको, बटण आहे ते, उशी नाही.’

थोरली : आठवतंय म्हणायचं.

धाकटी : ताई, खरं सांगा. काल ही फाइल तुम्ही उघडली होती?

थोरली : उघडली होती.

धाकटी : आणि?

थोरली : आणि सगळे लेयर एकत्र केले, सेव्ह केलं, बंद केली. पोटात दुखलं माझ्या! ते कधीतरी येतील, एखादा बदल सांगतील आणि तुला त्यांच्यासमोर काही करता येणार नाही. माझ्याकडे यावं लागेल. एवढंच हवं होतं मला. झालं तुझं समाधान?

धाकटी : माझी बटणं जाऊ द्या. ती मी पुन्हा काढीन. पण ते कुठून आणू आता?

थोरली : ते कोणतं?

धाकटी : तुमचं. चष्म्याच्या आकाराचं. दोन गोल बटणं आणि मधे नाकावरच्या दांडीसारखी बारीक रेघ.

थोरली : ते मी केव्हाच डिलीट केलं. तू तुझं दाखवलंस, सगळे तुझ्याभोवती जमले, माझ्या पडद्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच दिवशी.

धाकटी : त्याआधी मी त्याची कॉपी घेतली होती. माझ्या फाइलमध्ये, सगळ्यांत खालच्या लेयरवर. दिसू नये म्हणून लपवून ठेवलं होतं. तुम्हाला कळतं तर दाखवू दिलं असतंत? काल दुकानात त्यांना सांगून आलेय मी, उद्या अकराला या, आमच्या ताईंचं एक बटण दाखवायचंय.

थोरली : तू का दाखवणार माझं?

धाकटी : माझ्यापेक्षा चांगलं आहे म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा इतका जळफळाट झाला माझा, आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नव्हते. तुम्हाला वाटलं, माझं डोकं दुखतंय.

थोरली : किती वाजले?

धाकटी : सव्वादहा.

(थोरली खुर्ची पुढे ओढते.)

थोरली : सरक. नवीन फाइल घे. गोल केवढे होते माझे?

धाकटी : चाळीस. रेघेची जाडी दोन. आणि ती सरळ नव्हती, मधे जराशी वर उचललेली होती.

थोरली : पाठच केलंयस की.

धाकटी : तसं काढायचा किती वेळा प्रयत्न केला. माझी रेघ मेली सरळच येते.

थोरली : माउस हलका धर. हं, अशी. बघ, आली.

धाकटी : ताई, एक विचारू? लेयर एकत्र करताना मधे एक प्रश्न येतो ना? लपवलेले लेयर टाकून देऊ का, असा.

थोरली : आला होता.

धाकटी : तुम्ही वाचला नाहीत?

थोरली : वाचला. मला वाटलं, तुझं काहीतरी असेल.