डोंगर चढणारी नदी

त्या सकाळी मी पाणी भरून ठेवलं, कपडे भिजवले, भाजी निवडायला घेतली आणि आमचे हे ओट्याखाली आडवे झाले. प्लंबर माणूस. गावभरचे नळ दुरुस्त करायचे आणि घरचा तीन महिने गळत ठेवायचे. काढलेले वॉशर ठेवायला त्यांनी हाताला लागला तो कागद ओढला. तो माझ्या राज्याचा नकाशा होता.

थांबा, सुरुवात चुकली. कागदावर वेगळी लिहून आणली होती. सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ग्रंथपालबाई आणि वाचनालयाच्या सभासदांनो, सगळ्यांना नमस्कार. माझं शिक्षण या कपाटांपुढे उभ्या उभ्या झालंय, तेव्हा सांभाळून घ्या.

तर राज्य. बाईंनी दिलेली अद्भुत कथांची अख्खी फळी वाचून मला वाटलं, यात काय मोठंसं? मीही एक जग उभं केलं. सात चंद्र, अकरा राजे, आणि एकालाही जेवायला वेळ नाही. प्रेरणा मिळावी म्हणून मी गच्चीवर ढगांकडे बघत बसायचे. मिळायचे ते वाळलेले कपडे. ते घेऊन खाली यायचे.

ओट्याखालून हे म्हणाले, "अगं, तुझी नदी समुद्रातून निघून डोंगर चढतेय."

मी म्हटलं, जादूचं राज्य आहे ते.

"जादू राजाला असू दे. पाण्याला उतार लागतो."

चार दिवस मी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी खोडरबर शोधलं. मग दर रविवारी हे पेन्सिल घेऊन शेजारी बसायचे आणि विचारायचे, राजवाड्यातलं धुण्याचं पाणी जातं कुठे? काय सांगणार, कप्पाळ? अकरा राजांच्या राज्यात एक गटार नव्हतं. मग गटारं आली, ती उपसणारी माणसं आली, त्यांची भांडणं आली. राजे कमी होत होत तीनवर आले, आणि त्यांचंही कुणी ऐकेना. तेव्हा कुठे ते जग मला खरं वाटायला लागलं.

आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. नदी तेव्हा दलदलीपर्यंत पोचली होती. "पुढचं रविवारी बघू," म्हणून त्यांनी नकाशावर पेन्सिल ठेवली, ती तशीच राहिली. पुस्तक बदलायला आले की बाई विचारायच्या, नदी कुठवर आली? मी म्हणायचे, प्रेरणाच येत नाही हो. मोठ्या लेखिकेसारखा चेहरा करून म्हणायचे. खरं कारण इतकंच, की नदी समुद्राला मिळाली तर यांना विचारायचं काही उरणार नाही.

मागच्या महिन्यात बाईंनी माझं परत आलेलं पुस्तक हातात घेतलं, कोपरा चाचपला आणि म्हणाल्या, "चार वर्षं तुमची पुस्तकं ओली परत येतात. नळ गळतोय ना?"

मी मान हलवली. यांच्यानंतर तो नळ पुन्हा गळायला लागला होता, पण त्याला मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मी एकतीस तारखेला जाणार. शेवट वाचून जायचंय मला. आधी नळाचं बघा."

अशी ग्रंथपाल कुणाला मिळते? बाई, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. आयोजकांनी मला बोलायला लावायचं धाडस केलं, त्यांचेही आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ही वही तुमच्यासाठी आणली आहे, शेवटासकट. तो कसा सुचला, तेवढं सांगून बसते.

तुम्ही बोललात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यांचा पाना काढला. मेन कॉक बंद करायचा विसरले. पाणी फरशीवर आलं, ट्रंकेपाशी त्याला दोन फाटे फुटले, उंबऱ्याशी ते पुन्हा एक झाले आणि अंगणात उतरले. मी ते शेवटपर्यंत बघितलं. मग कॉक बंद केला, वॉशर बदलला, हात पुसले आणि त्यांच्याच पेन्सिलीने नदी समुद्रापर्यंत नेली.