परटीण काय म्हणाली

खडकीचा विषय निघाला म्हणून आठवलं. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होतो, दोन हजार चार-पाचच्या सुमाराला. खालच्या मजल्यावर टॉम नावाचे ऐंशीच्या घरातले इंग्रज आजोबा राहायचे. इंग्रजांच्या काळात ते खडकीच्या छावणीत शिपाई होते. पुढे त्यांची जर्मनीत बदली झाली आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून ते तिथेच राहिले.

मी खडकीचा आहे हे कळल्यावर त्यांनी मला घरी बोलावून बियर दिली, पण स्वतः सफरचंदाचा रस घेतला. मी कारण विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी आम्हाला कॅन्टीनमध्ये पिण्याशिवाय उद्योग नसायचा," ते म्हणाले. "एका दुपारी मी झिंगून नदीत पडलो. मला पोहता येत नव्हतं. काठावर कपडे धुणाऱ्या परटिणीने पाण्यात उतरून मला ओढून काढलं. वर माझा चिखलाने भरलेला युनिफॉर्म धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिला, म्हणून संध्याकाळच्या हजेरीला मी वाचलो. निघताना ती रागाने काहीतरी बोलली. शिवीच असणार. पण त्यानंतर मी प्यायलो नाही."

"तिचे शब्द आठवतात?"

जवळजवळ साठ वर्षांनंतरही आठवत होते. त्यांनी एकेक अक्षर जपून उच्चारलं, "घरी आई वाट बघत असंल."

मी अर्थ सांगितला.

"बघत होती," आजोबा म्हणाले. "मी तिचा एकुलता एक होतो."