मागे बांधलेला बोकड

मेहुणी : म्हणजे त्या दिवशी ताई गेली, आणि दवाखान्यातून येऊन तुम्ही आधी गोठ्यात शिरलात?

मी : शेळ्या उपाशी होत्या, ओरडत होत्या. चारा टाकायला गेलो तर तिची बादली तशीच पडलेली. तळाशी पिकावर फवारायचं औषध. डॉक्टर विषबाधा म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी खाल्लं असेल.

मेहुणी : हातात काही न घालता शेळ्यांना चोळलं तिने?

मी : नुसत्या हातांनी, तेही दार लावून. थंडी होती, भिजलेल्या शेळ्या गारठतील म्हणून. सगळ्यांना खरूज झाली होती. त्या बोकडाने आणली.

मेहुणी : व्यापाऱ्याकडून घेतलेला तो?

मी : तोच. विकताना खपल्यांवर काजळी आणि तेल लावून काळाभोर करून दिला. तुझी ताई जाब विचारायला गेली, तर हसून म्हणाला, गुरांचा डॉक्टर कशाला, पिकावरचं औषध चोळ.

मेहुणी : आणि तुम्ही गप्प बसलात.

मी : गप्प कुठे? सगळ्या शेळ्यांना डॉक्टरांकडून सुया दिल्या. केस यायला लागलेत. फक्त मागे वेगळा बांधलाय त्या बोकडाला दिली नाही.

मेहुणी : मला वाटलं, त्याला विसरलात. रक्त निघेपर्यंत खांबाला अंग घासतोय तो, भाऊजी.

मी : त्याच्या अंगातले किडे जगायला हवेत. उद्या व्यापारी बाजाराला गेला की बोकड त्याच्या गोठ्यात सोडून येणार. बसू दे त्याला खाजवत.

मेहुणी : खाजवतील शेळ्या. तो कशाला खाजवेल?

मी : धंदा तरी बसेल.

मेहुणी : बसू दे की, मी काय रडणार आहे? पण आत्ता त्याच्या दारावरूनच आले. त्याची सून एकटी गोठा झाडत होती. तिथे खरूज शिरली तर औषध कोण चोळणार?

मी : तो स्वतःचे हात घाण करत नाही.

मेहुणी : तेच म्हणते मी.

मी : त्याची बाजू घ्यायला आलीस?

मेहुणी : त्याला सोडायचं नाहीच. बोकडाचे केस कातरू, खपल्या उघड्या करू आणि बाजाराच्या फाटकाबाहेर उभा करू, दुसऱ्या जनावरांपासून लांब. गिऱ्हाइकांना बघू दे, काय विकतो ते. पुढचं मी बोलेन.

मी : बोलशील. तुझ्या तोंडाला तुझी ताईसुद्धा घाबरायची.

मेहुणी : मग बोकडाला आत्ता सुई द्या, सुटू दे बिचारा.

मी : आत्ता नाही. आधी बाजार. व्यापाऱ्याने खपल्या डोळ्यांनी बघायच्या आहेत.

मेहुणी : म्हणजे आजची रात्र तो असाच घासत राहणार.

मी : हो. त्याची सुई द्यायची राहिली आहे.