ग्रीकांच्या जेवणाचा धडा

हराम? कुठला पदार्थ हराम होता, नाव घेऊन सांगा बदरुद्दीनभाई. आणि दारात उभं राहून आवाज चढवू नका, आत पोरं पाढे म्हणतायत, तुमची बिलकीसही त्यांच्यात आहे – बसा. हं, बोला. ऑलिव्ह हराम? जैतून म्हणतात त्याला, कुराणात नाव आहे त्याचं. पाव हराम? घेवड्याचं पातळ कालवण हराम? द्राक्षाच्या पानात भात गुंडाळतात, आपल्याकडे अळूची वडी गुंडाळतात तसा – तो हराम? मटण नव्हतं, दारू नव्हती, अंडं-दूधसुद्धा नव्हतं, आणि का नव्हतं तेच तर शिकवत होते मी! पण तुम्ही दुकान उघडं टाकून धावत आलात – हव्वाबी टीचर रमजानात पोरांना नसारांचं, ख्रिस्ती लोकांचं खाणं भरवते म्हणून. अहो, मी स्वतः रोज्यात होते. आणि ती ग्रीक बाई, कातेरिना, एलेनीची आई – तिचाही उपास. दोघी उपाशी बायका सतरंजीवर बसून पोरांना जेवायला शिकवत होतो!

हो, त्यांचाही उपास असतो. ईस्टर म्हणून त्यांची ईद असते, तिच्या आधी कित्येक दिवस मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? मलाही नव्हतं, आणि यंदा तो नेमका आपल्या रोज्यांबरोबर आला. त्या एलेनीचा बाप इथे खाडीचा गाळ काढायच्या कामावर आहे, थंडीत आली ती माझ्याकडे. कोपऱ्यात बसायची, डब्यात पाव आणि ते काळे जैतून. आपली पोरं काय म्हणायची माहितेय? ‘टीचर, शी इज ईटिंग लेंड्या!’ बकरीच्या लेंड्या! मी रागावले, खलास म्हटलं, संपलं. कुठलं संपायला – एक दिवस मी आत नमाजला उभी, इकडे दोघातिघांनी तिचे हात धरले आणि एकीने खिम्याचा घास तिच्या तोंडात कोंबला. आणि हसली सगळी.

ती थुंकलीसुद्धा नाही हो. कुठे थुंकायचं ते कळेना तिला. तसाच घास गालात धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, गाल फुगलेले, डोळ्यांतून धारा, बोलता येईना. मी हात पुढे केला तेव्हा माझ्या तळहातावर टाकला तिने. तुम्ही आत्ता रोज्यात आहात ना? समजा, तुमचे हात धरून कुणी तुमच्या तोंडात घास कोंबला आणि वर हसलं – काय कराल? मी सांगते काय कराल. दैराची ही सगळी वस्ती डोक्यावर घ्याल!

मग ती यायचीच बंद झाली. मी होडीने खाडीपलीकडे गेले तिच्या घरी. कातेरिना भांडेल वाटलं, तर तिने मला आत बसवलं आणि मोडक्या इंग्लिशमध्ये एवढंच म्हणाली – पोरगी रोज विचारते, माझ्यावर गॉड रागावला का? काय सांगणार होते मी? म्हटलं, बाई, तू शाळेत ये. तुमच्यात कसं जेवतात ते तूच पोरांना दाखव. आली बिचारी, पोरीला आणि पातेली घेऊन. मधे मोठं ताट ठेवलं, भोवती सगळे – आपण थाळ्यावर बसतो तस्संच. पाव सुरीने कापायचा नाही म्हणाली, हाताने मोडायचा आणि आधी शेजारच्याला द्यायचा. आणि आता मटण का नाही, तेही सांगितलं. पोरं म्हणाली, ‘लाइक रोजा?’ ती म्हणाली, ‘येस, लाइक रोजा.’ हा माझा गुन्हा!

काय म्हणालात? पोर बिघडली? बिघडली म्हणता! अहो, त्या दिवशी सगळी पोरं घरी गेली आणि ती एकटी मागे राहिली, माझी ओढणी धरून हमसाहमशी रडली – ‘टीचर, आय पुट इट इन हर माउथ’ –

नाही. मी... दुसऱ्या एका मुलीचं म्हणत होते.

नका बघू असं. हो, बिलकीस. बिलकीसच. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता मी तिला, तो तुमच्यामुळे मोडला. खाली बसा! हाक मारू नका तिला. हात उगारायच्या आधी हेही ऐका, तेही सांगणार नव्हते – मी विचारलं का केलंस, तर म्हणाली, अब्बा जेवताना रोज सांगतात, ते लोक घाण खातात. मी तिला चांगलं खायला दिलं, टीचर. ऐकलंत? त्या पोरीला वाटलं ती सवाब कमावतेय, पुण्य! हे मी नाही शिकवलं तिला. माझ्याकडे ती पाव मोडायला शिकली, आणि स्वतःहून एलेनीसमोर जाऊन सॉरी म्हणाली, कुणी पाठवलं नव्हतं. तिला भीती वाटते ती फक्त तुमची.

शाळेतून काढायचंय? काढा, तुमची मुलगी आहे. आधीच दोन घरांनी पोरं काढलीयत, मी ते रिकामे पाट बघून शिकवतेच आहे. पण आत्ता नाही. आत्ता ती एलेनीला नवाचा पाढा शिकवतेय, तो संपू दे. चला, चपला घाला. आणि घरी तिला ह्यातलं एक अक्षर जरी – नको, काही बोलू नका. जा तुम्ही.